औषधाची परीक्षा

सन २०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्चला आला, आणि नेमकी त्याच दिवशी सबंध देशात टाळेबंदी सुरू झाली. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे प्रवाशांना नेणाऱ्या होड्या थांबल्या. बाजारपेठ ओस पडली. पुढे मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी परतू लागले. एरवी ज्यांच्या वाटेकडे घरातली मुले डोळे लावून बसत, त्यांना आता घराच्या उंबरठ्याबाहेर राहावे लागले. गावोगावच्या शाळांतून त्यांची निराळी सोय करण्यात आली. कोविड नावाचा नवा आजार जगभर पसरला होता. ११ मार्च रोजीच जागतिक आरोग्य संघटनेने त्याला जगाची साथ, म्हणजे महासाथ, असे म्हटले होते.

हा आजार एका विषाणूमुळे होतो. विषाणू इतका सूक्ष्म असतो की शाळेच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकातूनही तो दिसत नाही. हा विषाणू माणसाला नवा होता. त्यामुळे त्याच्यावर नेमके औषध कोणाजवळच नव्हते. परंतु औषध नाही, असे ऐकून माणूस स्वस्थ बसत नाही. कोणी आल्यामिऱ्यांचा काढा घेई, कोणी हळद घातलेले दूध पिई, कोणी दिवसातून चार वेळा वाफारा घेई. दूरध्वनीवरून रोज नवी वार्ता येई : अमक्याने अमुक गोळ्या घेतल्या आणि चार दिवसांत तो हिंडूफिरू लागला !

ही वार्ता सांगणारा खोटे बोलत नसे. गोळ्या घेतल्या हे खरे आणि माणूस बरा झाला हेही खरे. परंतु गोळ्या घेतल्यावर तो बरा झाला, की गोळ्या घेतल्यामुळे बरा झाला ? या दोन शब्दांत जे अंतर आहे, ते ओलांडण्यासाठी त्या वर्षी जगातील हजारो डॉक्टर आणि रुग्ण झटत होते. कारण या आजाराचे एक वैशिष्ट्य असे की, बहुतेक माणसे त्यातून आपोआपच बरी होत. ज्यांना काढा मिळाला तीही बरी होत आणि ज्यांना काही मिळाले नाही तीही. उलट काही थोडी माणसे, विशेषतः वृद्ध व मुळातच प्रकृतीने दुबळी असलेली, सर्व उपचार करूनही दगावत. मग औषधाला यश कशाचे द्यावे आणि दोष कशाचा द्यावा ?

हा पेच मालवणच्या किनाऱ्यावरील मुलांना समजण्यास कठीण नाही. त्यांनी रापण पाहिलेली असते. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि मग त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढत आणतात. समजा, एका रापणकराने नव्या प्रकारचे जाळे आणले. पहिल्याच दिवशी ते बांगड्यांनी गच्च भरले. नवे जाळे चांगले, असे सगळे म्हणू लागतील. पण त्या दिवशी वारा पडलेला होता. बांगड्यांचा थवा किनाऱ्याशी आला होता. कदाचित शेजारच्या जुन्या जाळ्यालाही तितकीच मासळी लागली असेल. तिकडे कोणी पाहिलेच नाही. दुसऱ्या दिवशी नवे जाळे रिकामे आले, तर तेवढ्यावरून ते वाईट ठरवणेही तितकेच चुकीचे होईल.

खरी पारख करावयाची तर दोन्ही जाळी एकाच हंगामात, पुष्कळ दिवस टाकून पाहिली पाहिजेत. येथे एक मेख आहे. कोणत्या दिवशी कोणते जाळे टाकावयाचे, हे रापणकराने स्वतः ठरवता कामा नये. त्याने हौसेने आणलेले नवे जाळे तो नकळत चांगला दिवस पाहूनच बाहेर काढील. म्हणून रोज सकाळी नाणे उडवावे. छापा पडला तर नवे जाळे, काटा पडला तर जुने. नाण्याला वारा कळत नाही, भरती कळत नाही आणि रापणकराची हौसही कळत नाही. त्यामुळे चांगले दिवस आणि वाईट दिवस दोन्ही जाळ्यांच्या वाट्याला सारखेच येतात. हंगामाच्या अखेरीस मासळीत मोठा फरक दिसला, तर तो जाळ्यामुळेच, असे मग खात्रीने म्हणता येते.

औषधांची परीक्षा याच रीतीने करतात. असे तुलना करून पाहण्याची कल्पना जुनी आहे आणि तिची एक प्रसिद्ध कथा समुद्रावरचीच आहे. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ या इंग्रजी जहाजावर खलाशांना स्कर्व्ही नावाच्या रोगाने ग्रासले. हिरड्यांतून रक्त येई, अंगातली शक्ती जाई. जेम्स लिंड या जहाजाच्या डॉक्टराने बारा आजारी खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला. ज्या जोडीला संत्री आणि लिंबे मिळाली, ती झपाट्याने सुधारली. मात्र त्या जोड्या लिंडने स्वतः लावल्या होत्या. कोणाला औषध मिळावे हे चिठ्ठीवर सोपवण्याची पद्धत बरीच मागाहून आली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची परीक्षा झाली, तेव्हा प्रत्येक रुग्णासाठी एक बंद पाकीट तयार होते. पाकीट फोडल्यावाचून कोणत्याही डॉक्टराला पुढच्या रुग्णाच्या नशिबी काय आहे, हे कळत नसे.

आता कोविडकडे वळू. २०२० च्या मार्च महिन्यात फ्रान्समधील मार्सेय या बंदराच्या शहरातून एक लहानसा अहवाल प्रसिद्ध झाला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे हिवतापावरील जुने औषध दिल्याने कोविडच्या रुग्णांच्या नाकातील विषाणू लवकर नाहीसा होतो, असे त्यात म्हटले होते. बातमी वाऱ्यासारखी पसरली. ते औषध भारतात मोठ्या प्रमाणावर तयार होते. सांध्यांच्या काही दुखण्यांवर जे रुग्ण ते रोज घेत, त्यांनाही दुकानांतून ते मिळेनासे झाले.

परंतु त्या अहवालात काय होते ? औषध दिलेले रुग्ण होते अवघे सव्वीस. त्यांतील सहा जण शेवटच्या हिशेबात धरलेच नव्हते. त्या सहांपैकी तिघांची प्रकृती इतकी बिघडली की त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले; एक जण तर मरण पावला. एकाने मळमळ होते म्हणून औषध सोडले आणि एक रुग्णालयातून निघून गेला. उरलेल्या विसांवरून औषध गुणकारी ठरवले गेले. हे म्हणजे वादळानंतर बंदरात परतलेल्या होड्या तेवढ्या मोजाव्यात आणि ‘एकही होडी बुडाली नाही’ असे जाहीर करावे, त्यातलाच प्रकार झाला. शिवाय ज्यांच्याशी तुलना केली, ते रुग्ण चिठ्ठी टाकून निवडलेले नव्हते. त्यांतील काही तर दुसऱ्याच रुग्णालयांतील होते. तो अहवाल प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकाने डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला. पण बातमी जितक्या वेगाने पसरली होती, तितक्या वेगाने तिची दुरुस्ती पसरली नाही.

त्याच मार्च महिन्यात दोन मोठ्या परीक्षांचा आरंभ झाला. एक ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने चालवली. तिचे नाव ‘रिकव्हरी’. दुसरी जागतिक आरोग्य संघटनेची. तिचे नाव ‘सॉलिडॅरिटी’, म्हणजे एकजूट. या दुसऱ्या परीक्षेत भारतही सामील झाला, आणि भारतातील कामाचा मेळ घालण्याची जबाबदारी पुण्याजवळील भोसरीच्या एका संस्थेवर आली. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था हे तिचे त्या वेळचे नाव. तेथील डॉ. शीला गोडबोले या परीक्षेच्या राष्ट्रीय समन्वयक होत्या. जे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे एका विषाणूशी झुंजत आले होते, त्यांच्याकडेच दुसऱ्याच्या परीक्षेचे काम यावे, हे स्वाभाविकच होते.

अशी परीक्षा प्रत्यक्षात कशी चालते ? रुग्ण दाखल झाला की डॉक्टर त्याला सर्व माहिती त्याच्या भाषेत समजावून सांगतात : ‘अमुक एक औषध उपयोगी पडेल असे वाटते, पण ते खरोखर उपयोगी आहे की नाही, हे आम्हांला माहीत नाही. आपण तयार असाल तर आपल्याला ते मिळावे की न मिळावे, हे चिठ्ठीने ठरेल. प्राणवायू, सलाईन, शुश्रूषा हे नेहमीचे उपचार दोन्ही बाजूंना सारखेच मिळतील. आपण नाही म्हटले तरी आमच्या शुश्रूषेत काडीचाही फरक पडणार नाही.’ रुग्ण कबूल झाला तर लेखी संमती घेतात. मग संगणक चिठ्ठी काढतो. डॉक्टराच्या हाती ते नसते आणि नसावेच. नाही तर रापणकर जसा नव्या जाळ्यासाठी चांगला दिवस निवडतो, तसा डॉक्टरही आपल्या आवडत्या औषधासाठी नकळत सशक्त रुग्ण निवडील. शिवाय बाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती मधूनमधून आकडे तपासत असते. औषधाने अपाय होतो असे दिसले किंवा ते निःसंशय गुणकारी ठरले, तर परीक्षा तेथेच थांबवतात.

तरीही एक प्रश्न मनाला टोचतोच. माणूस धापा टाकत आहे, औषधाची कुपी कपाटात आहे, आणि ते द्यावे की न द्यावे हे चिठ्ठीने ठरवावयाचे ! हे निष्ठुरपणाचे नव्हे काय ? औषधाचा गुण ठाऊक असता तर ते खरोखरच निष्ठुरपणाचे झाले असते. परंतु गुण ठाऊक नसतो, तेव्हा औषध मिळालेला भाग्यवान की न मिळालेला, हे कोणी सांगावे ? हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचेच पाहा. ‘रिकव्हरी’ परीक्षेत ते १५६१ रुग्णांना दिले आणि ३१५५ रुग्णांना दिले नाही. अठ्ठावीस दिवसांनी हिशेब केला, तेव्हा औषध मिळालेल्यांपैकी शेकडा २७ दगावले होते आणि न मिळालेल्यांपैकी शेकडा २५. एवढ्या फरकाला योगायोगही पुरतो. पण औषधाने जीव वाचले नाहीत, हे उघड झाले. ज्यांच्या चिठ्ठीत ते आले नाही, त्यांचे काहीच गेले नव्हते.

त्याच परीक्षेत दुसरे एक औषध होते. डेक्सामेथासोन हे त्याचे नाव. ते साठ वर्षांहून जुने, अत्यंत स्वस्त, दम्याच्या रुग्णांना व अंगावर पित्त उठलेल्यांना देण्याचे. तालुक्याच्या गावातील औषधाच्या दुकानातही ते सहज मिळते. त्याच्याविषयी कोणी दूरध्वनीवरून वार्ता धाडत नव्हते. उलट पुष्कळ डॉक्टरांना त्याची धास्तीच वाटे, कारण हे औषध शरीराची विषाणूशी लढण्याची शक्ती दडपते. परंतु कोविडमध्ये कित्येकदा असे घडते की, विषाणूने जेवढी नासधूस केली असेल तिच्यापेक्षा अधिक नासधूस शरीराच्या भडकलेल्या प्रतिकारानेच फुप्फुसात होते. तेव्हा हा भडका थोडा शांत केला तर ? चिठ्ठ्या निघाल्या. २१०४ रुग्णांना औषध मिळाले, ४३२१ जणांना मिळाले नाही.

१६ जून २०२० रोजी निकाल जाहीर झाला. कृत्रिम श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णांपैकी औषधावाचून शंभरांत ४१ मरण पावले होते; औषध मिळालेल्यांत २९. ज्यांना केवळ प्राणवायू लागत होता, त्यांच्यात हे आकडे २६ आणि २३ असे होते. आणि ज्यांना प्राणवायूचीही गरज नव्हती, त्यांना या औषधाने काहीच लाभ झाला नाही. झालाच तर थोडा अपाय झाला असावा, अशी शंका येण्याजोगे आकडे निघाले. म्हणजे एकच औषध कठीण अवस्थेत तारक आणि सौम्य आजारात निरुपयोगी ! घरी बसून, डॉक्टराला न विचारता ते घेणे किती धोक्याचे होते, हे यावरून ध्यानात येईल.

२६ आणि २३ या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. शंभर रुग्णांमागे तीन जीव वाचले. एखाद्या अनुभवी डॉक्टराने शंभर रुग्णांवर उपचार केले, तरी हा फरक त्याच्या नजरेला कधीच दिसणार नाही. एका महिन्यात तिघे अधिक बरे झाले, तर तो म्हणेल, या खेपेचे रुग्ण जरा सशक्त होते. डोळ्यांना न दिसणारा हा फरक दिसू लागला तो हजारो माणसे एकत्र मोजल्यामुळे. ब्रिटनमधील सुमारे पावणेदोनशे रुग्णालयांनी ही मोजदाद केली. जगात लाखो रुग्ण असताना शंभरांमागे तीन म्हणजे किती घरे, याचा हिशेब वर्गातील कोणताही विद्यार्थी करू शकेल.

‘सॉलिडॅरिटी’च्या वाट्याला असे यश आले नाही. ३० देशांतील ४०५ रुग्णालयांत, ११ हजारांहून अधिक रुग्णांवर चार औषधे पारखली गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये कळले की चौघांपैकी एकानेही मृत्यू फारसे टळत नाहीत. त्या चारांत रेमडेसिविर होते. हे तेच औषध, ज्याच्या कुप्यांसाठी २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातील शहरांतून औषधांच्या दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्या. कोकणातल्या घराघरांतून मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना त्यासाठी निरोप गेले. पुढे २०२२ साली अधिक रुग्ण धरून अंतिम हिशेब निघाला. प्राणवायूवर असलेल्या, पण श्वासयंत्रावर न गेलेल्या रुग्णांना त्याचा थोडासा उपयोग होतो, असे दिसले. श्वासयंत्रावर गेलेल्यांना मुळीच नाही. आणि रांगेत उभे राहणाऱ्या कित्येकांचे आप्त तर त्या यंत्रावरच होते.

या साऱ्या परीक्षांत पूर्णपणे भारतीय अशी एक परीक्षा आहे. तिचा विषय होता बरे झालेल्या माणसाचे रक्त. शरीरात विषाणू शिरला की त्याला नेमके ओळखून जखडणारे सूक्ष्म कण शरीर तयार करते. त्यांना प्रतिपिंड म्हणतात. आजार सरला तरी ते रक्तात काही काळ राहतात. रक्तातील तांबड्या व पांढऱ्या पेशी बाजूला काढल्या म्हणजे जो फिकट पिवळा रस उरतो, त्यात ते असतात. या रक्तरसाला प्लाझ्मा असे म्हणतात. एकाने लढून मिळवलेले हे शस्त्र दुसऱ्याला द्यावे, ही कल्पना किती सुंदर आहे ! ती नवीही नव्हती. १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीतही डॉक्टरांनी ती वापरून पाहिली होती.

सुंदर कल्पना खरी असतेच असे नाही, म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तिची परीक्षा मांडली. तिचे नाव ‘प्लासिड’. २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या काळात देशातील ३९ सरकारी व खाजगी रुग्णालयांतून ४६४ रुग्ण तिच्यात सहभागी झाले. चिठ्ठीने २३५ जणांना रक्तरस मिळाला : दोनशे मिलिलिटर एकदा आणि तितकाच चोवीस तासांनी पुन्हा. उरलेल्या २२९ जणांना नेहमीचे उपचार मिळाले. दात्यांच्या रक्तरसात विषाणूला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड किती आहेत, हे मोजण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. हे मोजमाप नाजूक असते. जिवंत विषाणू आणि दात्याचा रक्तरस एकत्र करून, पेशी जगतात की मरतात, हे पाहावे लागते. ज्या प्रयोगशाळेत असा विषाणू बाळगता येतो, अशा प्रयोगशाळा देशात मोजक्याच होत्या. तपासणीत आढळले की काही दात्यांच्या रक्तरसात असे प्रतिपिंड फारच थोडे होते. तेही बरे झालेलेच होते, पण त्यांच्याजवळ देण्याजोगे शस्त्र मात्र पुरेसे नव्हते.

निकाल काय लागला ? रक्तरस मिळालेल्या २३५ जणांपैकी ४४ जणांचा आजार बळावला किंवा ते मरण पावले. न मिळालेल्या २२९ जणांपैकी ४१ जणांचे तसे झाले. शेकड्यात मांडले तर १९ आणि १८. सातव्या दिवशी पाहता धाप व थकवा रक्तरस मिळालेल्यांत जरा लवकर कमी झालेला दिसला. परंतु ज्यासाठी सारा खटाटोप होता, तो जीव वाचवण्याचा गुण दिसला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या विख्यात नियतकालिकात हा निकाल प्रसिद्ध झाला. भारतातील रुग्णालयांनी, साथीच्या ऐन धामधुमीत, अवघ्या बारा आठवड्यांत रुग्ण गोळा करून जगाला हे उत्तर दिले होते. पुढे ‘रिकव्हरी’ने तीच परीक्षा ११,५५८ रुग्णांवर केली. दोन्ही बाजूंना शेकडा २४ मृत्यू झाले. तसूभरही फरक नाही.

आणि तरीही २०२१ च्या वसंतात, साथीची दुसरी लाट आली तेव्हा, रक्तरसासाठी धावाधाव झालीच. मुलगे वडिलांसाठी, बहिणी भावांसाठी एका रक्तपेढीतून दुसऱ्या रक्तपेढीत जात होत्या; बरे झालेल्या अनोळखी माणसांना दूरध्वनी करून विनवत होत्या. त्यांना दोष कोण देईल ? डॉक्टराने कागदावर लिहून दिले होते आणि घरचे माणूस धाप टाकत होते. त्यांना देण्यासारखे उत्तर सात महिन्यांपासून छापील पानावर पडून होते. १७ मे २०२१ रोजी परिषदेच्या तज्ज्ञांनी रक्तरसाचे नाव कोविडच्या उपचारांच्या यादीतून काढून टाकले.